बर्फावरील कीर्ति आणि घरांतील मुलगी

खेळ म्हणजे मुलांचा नुसता विरंगुळा, ही समजूत आपल्या घरांतून आतां बरीच मागें पडली आहे. मुलाला क्रिकेटचें वेड लागलें तर त्याची पिशवी घेऊन शिवाजी पार्कवर जाण्यास आजोबा स्वतः तयार होतात. परंतु वेड मुलीला लागलें, आणि तेंही अनोळखी खेळाचें असलें, म्हणजे त्याच घरांत दोन तट पडतात. कॉटन ग्रीनच्या एका आजीबाईंनीं आम्हांस पाठविलेल्या पत्रांत असाच पेंच आहे. त्यांची नऊ वर्षांची नात इमारतीच्या आवारांत चाकांचे स्केट बांधून फिरते. तिनें दूरचित्रवाणीवर बर्फावर गिरक्या घेणाऱ्या मुली पाहिल्या आणि ‘मला हेंच व्हावयाचें आहे’ असें जाहीर केलें. धाकटे काका म्हणतात, तिला शिकूं द्यावें. वडील म्हणतात, शाळेचें काय. आणि आजीबाई आम्हांस विचारतात कीं, असल्या खेळांत उमेदीचीं वर्षें घालविलेल्या मुलींचें पुढें होतें तरी काय?

प्रश्न रास्त आहे. त्याला उत्साहाच्या चार वाक्यांनीं वाटेस लावणें आम्हांस बरें वाटत नाहीं. ज्यांचें बालपण या बर्फावर गेलें त्यांचीं चरित्रें आज जगापुढें आहेत. त्यांतील कांहीं येथें पाहूं, आणि मग निर्णयाकडे वळूं.

प्रथम हा खेळ काय आहे तें समजून घेतलें पाहिजे. इंग्रजींत त्याला फिगर स्केटिंग म्हणतात. बुटाच्या तळाला पोलादाचें पातें बसविलेलें असतें. हें पातें जेमतेम ४ मिलिमीटर जाड. परंतु त्याच्या मधोमध पन्हळीसारखी खोलगट रेषा असल्यामुळें त्याला दोन धारा पडतात, एक आंतल्या अंगाची व एक बाहेरच्या. ज्या धारेवर शरीराचा तोल टाकावा त्या बाजूस वळण घेत पाय जातो. या दोन धारांवर प्रभुत्व मिळविणें हाच सर्व शिक्षणाचा पाया होय. पूर्वीं स्पर्धेंत प्रत्येकीनें एका पायावर तोल सांभाळून बर्फावर आठाच्या आंकड्यासारख्या आकृति काढावयाच्या, त्याच रेषेवरून पुन्हां पुन्हां जावयाचें, आणि मग परीक्षकांनीं ओणवें होऊन ती रेघ तपासावयाची, असा क्रम असे. आपल्या अंगणांतील रांगोळीच ही, फक्त चिमटीऐवजीं पायानें काढलेली! खेळाचें नांवही या आकृतींवरूनच पडलें. १९६८ पर्यंत एकूण गुणांपैकीं ६० टक्के गुण आकृतींना असत. ज्यासाठीं प्रेक्षक गर्दी करीत त्या संगीतावरील उड्यांना व गिरक्यांना उरलेले ४०. १९९० नंतर मोठ्या स्पर्धांतून या आकृति नाहींशा झाल्या आणि उड्यांचें माहात्म्य वाढलें. ‘अॅक्सल’ नांवाची एक उडी समोर तोंड करून घ्यावयाची व पाठमोरें उतरावयाचें, म्हणून तींत अर्धा फेरा अधिक पडतो. साडेतीन फेऱ्यांची ही उडी स्पर्धेंत प्रथम साधणारी स्त्री म्हणजे जपानची मिदोरी इतो, वर्ष १९८८. हे सगळे फेरे एका सेकंदाच्या आंत पुरे करावे लागतात, आणि उतरतांना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार एकाच पायावर येतो. कौतुक करतांना हें दुसरें वाक्य विसरूं नये.

स्त्रीला या खेळांत जागा मिळाली ती कोणीं पाट मांडून दिली म्हणून नव्हे. १९०२ सालीं लंडन येथें जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरली. ती पुरुषांची, असें सर्वांनीं गृहीतच धरलें होतें. नियमांत मात्र स्त्रियांना मनाई करणारें कलम घालण्याचें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. मॅज सायर्स या इंग्रज बाईंनीं आपलें नांव नोंदविलें, आणि स्वीडनचे प्रसिद्ध खेळाडू उल्रिक साल्कोव्ह यांच्या खालोखाल दुसरा क्रमांक मिळविला. यावर खेळाच्या मंडळानें काय करावें? पुढच्याच वर्षीं स्त्रियांना या स्पर्धेची दारें बंद केलीं! अखेर १९०६ सालीं स्त्रियांसाठीं निराळी स्पर्धा निघाली. ती सायर्सबाईंनीं त्या वर्षीं व पुढच्या वर्षींही जिंकली, आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविलें.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटण्याचें कारण नाहीं. गिरगांवच्या खाडिलकर घराण्यांतील वासंती, जयश्री व रोहिणी या तिघी बहिणींनीं बुद्धिबळांत नांव मिळविलें हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्यांपैकीं रोहिणी खाडिलकर १९७६ सालीं पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरल्या, तेव्हां असाच गहजब उडाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स एव्हे यांनीं स्त्रियांना अटकाव करतां येणार नाहीं असा निर्णय दिला. लंडनमध्यें दुसऱ्या आलेल्या बाईला नियम बदलून बाहेर काढलें, आणि पाऊणशें वर्षांनीं मुंबईच्या मुलीसाठीं नियमाचा अर्थ तिच्या बाजूनें लागला. एवढा पल्ला गांठण्यास जगाला तितकीं वर्षें लागलीं.

आतां कीर्तीच्या शिखरावरचें चरित्र पाहूं. नॉर्वेच्या सोन्या हेनी यांचा जन्म १९१२ चा. वडील केसाळ कातड्यांच्या उंची कपड्यांचे व्यापारी आणि स्वतः सायकलच्या शर्यतींतील नामांकित खेळाडू. १९२४ सालीं, अकराव्या वर्षीं, ही मुलगी फ्रान्समधील शामोनी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्यें उतरली आणि आठ जणींत शेवटची आली. पण १९२७ पासून १९३६ पर्यंत सलग दहा वर्षें जगाचें अजिंक्यपद तिच्याकडे राहिलें. १९२८, १९३२ व १९३६ अशीं ऑलिंपिकचीं तीन सुवर्णपदकेंही तिनें मिळविलीं. तिच्यासाठीं वडिलांनीं पैसा सैल हातानें सोडला. घराचें सारें वेळापत्रक तिच्या सरावाभोंवतीं फिरूं लागलें. चोविसाव्या वर्षीं स्पर्धा सोडून ती अमेरिकेंत सिनेमांत गेली, बर्फावरील खेळांचे जलसे काढले, आणि अफाट संपत्ति मिळविली.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. १९२७ च्या पहिल्या विजयाच्या वेळीं पांच परीक्षकांपैकीं तिघे नॉर्वेचे होते. त्या तिघांनीं हेनीस पहिली ठरविलें. उरलेल्या दोघांनीं आधीच्या विजेत्या, ऑस्ट्रियाच्या हेर्मा साबो यांना. त्यानंतर एका देशाचा एकच परीक्षक, असा नियम करावा लागला. धांवण्याच्या शर्यतींत घड्याळ साक्ष देतें. येथें माणसाचा डोळा साक्ष देतो, आणि डोळ्याला आपपर असतें. २००२ सालीं अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्यें जोडीच्या स्पर्धेंत परीक्षकांचा असाच घोटाळा उघडकीस आला, तेव्हां कोठें ६ पैकीं गुण देण्याची जुनी पद्धति सोडून प्रत्येक उडी व गिरकी वेगळी मोजण्याची नवी पद्धति आली. दुसरें असें कीं, १९३६ सालीं जर्मनींत हेनीबाईंनीं हिटलरपुढें हात उंचावून केलेला नमस्कार त्यांच्या देशबांधवांनीं पुष्कळ वर्षें विसरला नाहीं. मुलीला पाय कोठें टाकावा तें दहा वर्षें शिकविलें, हात कोठें जोडावा तें शिकवावयाचें राहिलें, असेंच म्हणावें लागतें.

आमच्या मतें या प्रश्नाचें खरें उत्तर देणारें चरित्र निराळेंच आहे, आणि त्याचा एक दूरचा धागा मुंबईशींही पोंचतो. कॉटन ग्रीन हें नांव कापसाच्या बाजाराचें. तो बाजार मूळ कोटांतला. तेथून कुलाब्यास गेला आणि १९२० नंतरच्या दशकांत शिवडीच्या बाजूस आला. आज त्याच बंदराच्या काठीं, भाऊच्या धक्क्यावर, बर्फाच्या लाद्या फोडून मासळीवर घालतात. मुंबईकराची बर्फाशीं ओळख ती एवढीच. पण यंत्रानें बर्फ करण्याची विद्या येण्यापूर्वीं या शहरांत बर्फ येई तो अमेरिकेंतील बॉस्टन बंदरांतून. फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्यानें १८३३ सालीं कलकत्त्यास बर्फ पाठविला व पुढें मुंबईसही. त्या भागांतील गोठलेल्या तळ्यांवरून कापलेला हा बर्फ लाकडाच्या भुशांत गुंडाळून कित्येक महिन्यांच्या प्रवासानें येथें उतरे. ज्या बॉस्टनच्या थंडीनें आपल्या पणजोबांच्या पिढीला बर्फ पाजला, त्याच थंडींत टेन्ली आल्ब्राइट ही मुलगी वाढली.

तिचा जन्म १९३५ चा, बॉस्टनजवळच्या न्यूटन गांवचा. वडील शस्त्रवैद्य. त्यांनीं घरामागच्या अंगणांत पाणी सोडून तें गोठूं दिलें, आणि मुलगी त्यावर घसरावयास शिकली. अकराव्या वर्षीं, १९४६ सालीं, तिला पोलिओ झाला. त्या काळीं या रोगावर लस नव्हती. आजार सुदैवानें सौम्य निघाला. डॉक्टरांनींच, स्नायूंना बळ यावें म्हणून, तिला पुन्हां बर्फावर जाण्यास सांगितलें. चारच महिन्यांनीं तिनें लहान मुलींची एक विभागीय स्पर्धा जिंकली. खेळ हा आधीं औषध झाला आणि मग पदक झाला, हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

पुढील दहा वर्षें तिचा दिवस पहाटे चारला बर्फावर सुरू होई. बाकीचें जग जागें होईपर्यंत सराव संपे आणि शाळा-कॉलेज सुरू होई. १९५२ सालीं ऑस्लोच्या ऑलिंपिकमध्यें तिला रौप्यपदक मिळालें. १९५३ सालीं ती जगाची अजिंक्यवीर झाली. अमेरिकन स्त्रीला हा मान प्रथमच मिळत होता. १९५४ सालीं तिनें तें पद गमावलें, १९५५ सालीं परत मिळविलें. मधल्या काळांत ती रॅड्क्लिफ या स्त्रियांच्या नामांकित कॉलेजांत वैद्यकाचा पूर्वाभ्यास करीत होती. १९५६ च्या ऑलिंपिकसाठीं इटलींतील कोर्तिना येथें गेली असतां, स्पर्धेस सुमारें दोन आठवडे असतांना, सरावांत पडून तिच्या डाव्या पायाचें पातें उजव्या घोट्यांत हाडापर्यंत घुसलें. वडील अमेरिकेहून आले आणि त्यांनीं स्वतः जखम शिवली. त्याच पायावर उभें राहून तिनें सुवर्णपदक जिंकलें.

आणि येथेंच, आजीबाईंच्या प्रश्नाच्या दृष्टीनें, खरी गोष्ट सुरू होते. बर्फावरील जलशांत जाऊन पैसा मिळविण्याची वाट तिच्यापुढें मोकळी होती. हेनीबाईंनीं तीच धरली होती. आल्ब्राइटबाईंनीं त्याच वर्षीं स्पर्धा सोडल्या, हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयांत प्रवेश मिळविला, जेथें तेव्हां वर्गांत मुली बोटांवर मोजण्याइतक्याच असत, आणि १९६१ सालीं त्या डॉक्टर झाल्या. वडिलांप्रमाणें त्यांनीं शस्त्रवैद्याचाच व्यवसाय केला. खेळाचीं वर्षें सुमारें दहा, वैद्यकाचीं त्याहून कितीतरी अधिक. पहाटे चारला उठण्याची संवय, एकच रेघ शंभर वेळां गिरविण्याची चिकाटी, आणि हात-पाय स्थिर ठेवण्याची विद्या पुढें शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीं फुकट गेली असेल, असें कोण म्हणेल?

अर्थात् सर्वांचेंच असें होत नाहीं. रशियाची १५ वर्षांची कामिला वालियेवा हिच्या शरीरांत हृदयविकाराच्या एका औषधाचा, जें खेळाडूंना निषिद्ध आहे, अंश सांपडल्याचें २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळीं उघड झालें. सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांपुढें ती मुलगी पुन्हां पुन्हां पडली आणि चौथी आली. २०२४ सालीं क्रीडा-लवादानें तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली. औषध तिच्या पोटांत कसें गेलें याचा वाद झाला. पण तिच्या भोंवतीं वावरणाऱ्या थोरांचें काय, हा प्रश्न ज्याच्या घरांत मूल आहे त्याला पडल्यावांचून राहात नाहीं. या प्रकरणानंतर मोठ्या स्पर्धांसाठीं किमान वय १५ वरून १७ करण्याचें ठरलें. कोवळ्या शरीराला उड्या लवकर साधतात, म्हणून लवकर राबवून घ्यावें आणि विशीच्या आंत टाकून द्यावें, या प्रवृत्तीला घातलेला हा उशिराचा लगाम होय.

याउलट अमेरिकेच्या अलिसा लिऊ यांचें उदाहरण घ्या. २०१९ सालीं, अवघ्या तेराव्या वर्षीं, त्या आपल्या देशाच्या अजिंक्यवीर झाल्या. इतक्या लहान वयांत हा मान पूर्वीं कोणास मिळाला नव्हता. २०२२ सालीं जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळवून, सोळाव्या वर्षीं त्यांनीं खेळ सोडला. त्या कॉलेजांत गेल्या, बाकीच्या मुली जगतात तशा जगल्या. दोन वर्षांनीं त्या परतल्या त्या स्वतःच्या इच्छेनें, काय करावयाचें व किती करावयाचें हें स्वतः ठरवून. आणि मार्च २०२५ मध्यें जागतिक अजिंक्यपद जिंकलें, तेंही आल्ब्राइटबाईंच्या बॉस्टन शहरांत. मुलीला थांबूं दिलें तर ती संपते, ही भीति किती पोकळ आहे हें यावरून दिसतें.

आपल्या देशाकडे वळतां, चित्र विरळ आहे. शिमल्यास १९२० पासून बर्फाचें मैदान आहे. परंतु तें निसर्गाच्या थंडीवर चालतें, म्हणून हिवाळ्यापुरतेंच. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठीं देहरादून येथें बंदिस्त बर्फांगण बांधलें गेलें, पण त्यानंतर तें अनेक वर्षें बंद राहिलें आणि २०२५ सालीं पुन्हां वापरांत आलें. आपल्या झेंड्याखालीं आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरणाऱ्या तारा प्रसाद यांचा जन्म २००० सालचा, अमेरिकेंतला. २०१९ सालीं त्यांनीं भारतीय नागरिकत्व घेतलें, पुढें येथील राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, आणि चार खंडांच्या स्पर्धेंत भारताचें नांव लावलें. परंतु त्यांचा सराव झाला तो परदेशच्या बर्फावर. कॉटन ग्रीनच्या मुलीला आज ही वाट धरावयाची तर आधीं घर सोडावें लागेल, हें काकांनीं स्पष्टपणें समजून घ्यावें.

मग काय करावें? आमचा सल्ला असा आहे.

चाकांचे स्केट काढून घेऊं नयेत. तोल, धारा, वळण व गिरकी यांचा पाया चाकांवरही घडतो, आणि चाकांवरील कलात्मक स्केटिंगच्या स्वतंत्र स्पर्धाही आहेत. तिला चांगला शिक्षक पाहून द्यावा, आणि शिक्षक कसा बोलतो, पडलेल्या मुलीला कसा उठवितो, हें घरच्या थोरानें चार दिवस बाजूस बसून पाहावें. जवळच दादरला श्री समर्थ व्यायाम मंदिरांत मुलींना मल्लखांब शिकवितात; त्याची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ सालीं शिवाजी पार्कवरच झाली. शरीराचें सौष्ठव, तोल आणि परीक्षकांचे गुण, ही सारी या बर्फाच्या खेळाचीच भावकी होय. तींतून मुलीची खरी आवड कोठें आहे तेंही कळेल.

पोषाखाविषयीं आजीबाईंच्या मनांत जो संकोच आहे तो आम्ही जाणतों. परंतु पोषाख हा हालचालीला धरून असतो. सायर्सबाई लांब झग्यांत खेळल्या, हेनीबाईंनीं झगा आंखूड केला, तो पायाला मोकळीक हवी म्हणून. आपल्याकडेही घोड्यावर बसावयाचें तेव्हां बायकांनीं कासोटाच घातला. मुलीच्या अंगावर काय आहे यापेक्षां तिच्याकडे कोण कोणत्या नजरेनें पाहतो व तिला कोण सांभाळतो, याची काळजी अधिक करावी.

आणि वडिलांस आम्ही म्हणूं कीं, शाळा सोडवूं नये. या खेळाचें आयुष्य लहान आहे. पंचविशीच्या आंतच बहुतेकींना पाय उतरावा लागतो, आणि एका दुखापतीनें तें कोणत्याही दिवशीं संपतें. पुढें पन्नास वर्षें उरतात. तीं कशावर काढावयाचीं याची तजवीज पदकांनीं होत नाहीं. ती घरानें दिलेल्या शिक्षणानें होते. आल्ब्राइटबाईंना दोन्ही साधलें, कारण त्यांच्या घरीं खेळ आणि पुस्तक यांत सवतीमत्सर माजविला गेला नाहीं.

शेवटचें, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें. दरवर्षीं एकदां तरी मुलीला जवळ बसवून, काका व वडील यांच्या गैरहजेरींत, आजीबाईंनींच विचारावें: ‘तुला अजून हें आवडतें का?’ ती ‘हो’ म्हणाली तर पहाटे तिच्याबरोबर कोणीतरी उठावें. ‘नाहीं’ म्हणाली तर स्केट माळ्यावर ठेवावे, आणि झालेल्या खर्चाचा उच्चारही करूं नये.